नंबर दिसला नाही, तरी नोंद असतेच

महोदय,

स्क्रीनवर ‘प्रायव्हेट नंबर’ उमटला की ‘याचा काही पत्ता लागत नाही बुवा’ म्हणून लोक गप्प बसतात. हा गैरसमज आहे. लपवलेला नंबर आपल्या एक्स्चेंजपर्यंत पोचतोच. सोबत ‘दाखवू नका’ एवढी खूण येते, म्हणून तो आपल्याला दिसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये खामल्यात गडकरींच्या जनसंपर्क कार्यालयात धमकीचे फोन आले, तेव्हा माग त्याच दिवशी बेळगावच्या तुरुंगापर्यंत पोचला होता.

कुणी, कुणाला, किती सेकंद, कोणत्या टॉवरवरून आणि कोणत्या हँडसेटवरून फोन केला, ही सगळी नोंद डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावी लागते. घोडं अडतं ते तक्रारीत. ‘रात्री आठ-साडेआठच्या सुमारास’ असं लिहिलं, की दिवसभर खणखणणाऱ्या दुकानाच्या लँडलाइनवर त्या अर्ध्या तासातले पाच-सात फोन तपासत बसावं लागतं. त्यात भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे! वेळ मोबाइलवर बघून लिहावी, मिनिटासकट. बोलणं किती चाललं तेही लिहावं. भीतीपोटी कॉल लॉग पुसू नये. आधी स्क्रीनशॉट घ्यावा.

इंटरनेटवरून येणाऱ्या फोनचं प्रकरण वेगळं. तिथे दिसणारा नंबर करणाऱ्याने स्वतः भरलेला असू शकतो, आणि तो भलत्याच कुणाचा असतो. परदेशातून येऊन +९१ दाखवणारे असे फोन अडवणारी यंत्रणा २२ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या चोवीस तासांतच सुमारे १.३५ कोटी फोन अडले. तरीही आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर ‘हा भामट्याचा नंबर, सगळ्यांनी झापा’ असे मेसेज फिरतातच. झापलं जातं ते एखाद्या बिचाऱ्या गृहिणीला. अशा फोनचा माग दिसणाऱ्या नंबरावरून लागत नाही. कॉल कोणत्या गेटवेतून, म्हणजे इंटरनेटवरून टेलिफोनच्या जाळ्यात शिरण्याच्या कोणत्या दारातून, आत आला, तिथून एकेक कंपनी मागे जात काढावा लागतो. म्हणून इथे तर नेमकी वेळच कामाची.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करावा, धमकी असेल तर ११२ ला. नुसता संशय असेल तर दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ या संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या तक्रार-सोयीत तीस दिवसांच्या आत कळवावं. निनावी धमकीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) खाली धमकीच्या मूळ शिक्षेखेरीज दोन वर्षांपर्यंत जादा कैद आहे. तक्रार लिहिताना हे कलम आवर्जून नमूद करावं.

– एक निवृत्त टेलिफोन कर्मचारी, त्रिमूर्तीनगर, नागपूर