ताट वेगळे करू नका, हत्यारे वेगळी ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मेंदूची चाळण करणाऱ्या ‘असाध्य’ आजाराची बातमी मधूनच कुठेतरी छापून येते आणि मग आठवडाभर व्हॉट्सअॅपवर गायींचे फोटो फिरत राहतात. क्रॉइट्झफेल्ट-याकोब, म्हणजे डॉक्टरांच्या तोंडचा ‘सीजेडी’. माझी सगळी नोकरी न्यूरो वॉर्ड आणि ऑपरेशन थिएटरमध्ये गेली, तरी याचे रुग्ण मोजकेच पाहिले. वर्षाला दहा लाखांत एक-दोघांना होणारा आजार तो.

गायींचा खुलासा आधी करते. दूषित गोमांसातून माणसात आलेला प्रकार ब्रिटनने १९९६ मध्ये जाहीर केला; त्याने तिथे १७८ जणांचा बळी घेतला, बहुतेक तरुण. तो प्रकार वेगळा. जगातले सुमारे ८५ टक्के रुग्ण उतारवयातले असतात आणि त्यांच्या खाण्यापिण्याचा आजाराशी काही संबंध नसतो. वॉर्डातल्या एका आजींची सून रोज विचारायची, “सिस्टर, आमच्यात अंडंसुद्धा चालत नाही, मग हे आलं कुठून?” बाहेरून काही आलेलेच नव्हते. मेंदूतल्या एका नेहमीच्या प्रथिनाची घडी चुकते आणि ते शेजारच्या प्रथिनालाही तशीच चुकीची घडी घालते. विरजणासारखे म्हणावे, तर विरजणात निदान जिवंत जंतू असतात. इथे तेही नाहीत. काही घराण्यांत जनुकातला दोष पिढ्यान् पिढ्या उतरतो, तो भाग निराळा.

त्या आजी महिन्यापूर्वीपर्यंत भाजी स्वतः आणत होत्या. मग तोल जाऊ लागला, नातवाचे नाव आठवेना. वॉर्डाचे दार आपटले की सगळे अंग दचकून उडायचे. बहुतेक रुग्ण वर्षाच्या आत जातात, बरेचसे सहा महिन्यांतच. औषध नाही. तरीही एमआरआय आणि पाठीतल्या पाण्याची तपासणी करायचीच, कारण असाच दिसणारा मेंदूचा एखादा दाह स्टिरॉइडने बरा होऊ शकतो.

आजींना त्रास झाला तो मात्र माणसांचा. ताट-वाटी वेगळी, चादर वेगळी, आणि भरवायला कोणी पुढे येईना. आमच्यातल्याच काही जणी दोन-दोन हातमोजे घालून दुरूनच चमचा पुढे करायच्या. स्पर्शाने, उष्ट्याने, श्वासाने हा आजार पसरत नाही. अंत्यसंस्कारही नेहमीसारखे करता येतात.

भ्यायचे तर थिएटरमधल्या हत्यारांच्या ट्रेला. जंतूच नसल्यामुळे स्पिरिट, फॉर्मॅलिन, उकळते पाणी यांपैकी कशालाही प्रिऑन, म्हणजे हे चुकीच्या घडीचे प्रथिन, दाद देत नाही. १९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधली एक घटना प्रसिद्ध झाली. सीजेडीच्या रुग्णाच्या मेंदूत घातलेली इलेक्ट्रोड अल्कोहोल आणि फॉर्मॅल्डिहाइडच्या वाफेने ‘निर्जंतुक’ करून अपस्माराच्या दोन तरुण रुग्णांना वापरली होती. दोघांनाही सीजेडी झाला. दोन वर्षांहून अधिक काळाने तीच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत घातली, तर त्यालाही झाला. म्हणून मेंदूला लागलेली हत्यारे शक्यतो जाळून टाकायची, नाहीतर तासभर कडक कॉस्टिक सोड्यात ठेवून शिवाय १३४ अंशांच्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, घालायची. रोजचे १२१ अंश इथे पुरत नाहीत. आणि हत्यारांवर रक्त-ऊती वाळू द्यायच्या नाहीत. एकदा वाळल्या की सोडाही नीट काम करत नाही.

न्यूरोसर्जन मंडळींना एवढीच विनंती, की काही आठवड्यांत स्मृती गेलेला रुग्ण बायॉप्सीला (मेंदूचा तुकडा तपासायला) घ्याल तेव्हा थिएटरच्या यादीवर ‘सीजेडीची शक्यता’ असे स्पष्ट लिहा. आम्हाला तो संशय बहुधा ट्रे धुऊन झाल्यावर कळायचा. रिपोर्ट येईपर्यंत त्या केसची हत्यारे बंद डब्यात, चिठ्ठी लावून बाजूला राहू द्या. सेट अडकून पडतो म्हणून व्यवस्थापन कुरकुर करेल, तर करू दे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, सांगली
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)