तोफेला भोक कसं पाडलं?

काका, सप्रेम नमस्कार.

विजापूरच्या शेरजा बुरुजावर सहलीची पोरं आवरत मी मलिक-ए-मैदान तोफेची माहिती सांगत होते. १५४९ साली अहमदनगरात ओतलेली, वजन सुमारे ५५ टन, तोंडाशी सिंहाच्या जबड्यात हत्ती. मागून तुम्ही विचारलंत, "बाई, हिला भोक कसं पाडलं असेल?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. तीस वर्षं तोफांच्या कारखान्यात लेथवर उभे राहिलेले तुम्ही, तुम्हीच ते दिलंत. भोक पाडलंच नाही. साच्यात गाभा उभा करून तोफ पोकळच ओतली. गाभा जरा सरकला की नळी तिरपी. म्हणून अठराव्या शतकात युरोपात तोफ भरीव ओतून मग कोरायला लागले. इंग्लंडमधल्या विल्किन्सन नावाच्या लोखंडाच्या कारखानदाराने १७७४ साली त्यासाठी यंत्राचं पेटंट घेतलं आणि पुढच्याच वर्षी त्याच कसबाने वॅटच्या वाफेच्या इंजिनाला हवा तसा गोल सिलिंडर कोरून दिला. तोवर बिचाऱ्या वॅटच्या दट्ट्याच्या कडेने वाफ गळत होती!

मग तुम्ही सहज म्हणालात, "टूल बोथट झालं की जॉब, म्हणजे कोरायचा तुकडा, असा तापतो, हात लावायची सोय नाही. साहेब आमच्यावर ओरडायचे." आणि मला शास्त्रज्ञ रमफोर्ड आठवला. इतकी वर्षं त्याला मी फळ्यावर एका ओळीत उरकत आले होते. घरी येऊन त्याचा १७९८ चा निबंध वाचला. म्युनिकच्या शस्त्रागारात त्याने मुद्दाम बोथट टूल लावलं, भोवती पाण्याची पेटी बसवली, घोड्यांकडून तोफ फिरवली. अडीच तासांनी पाणी उकळलं, विस्तवाशिवाय. आपल्याला पोरकट आनंद झाला, हेही तो लिहून ठेवतो. उष्णता हा धातूत साठलेला पदार्थ असता तर कधीतरी संपला असता. इथे घासत राहा, ती येतच राहते. म्हणजे ती गतीच.

तुमच्या साहेबांना जे नको होतं, तोच त्याचा प्रयोग. हे पुस्तकातून मला कधी उमगलं नसतं, काका. मनापासून आभार.

निघताना पाकिटातून काढून दिलेला तो पोलादाचा पिळदार कीस मी वर्गात ठेवलाय. "बाई, याला निळा रंग कुणी दिला?" दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मी लगेच सांगत नाही. आधी दोन्ही तळवे जोरात घासायला लावते.

तुमची,
विज्ञानाच्या बाई