डॉक्टर परिषदेला गेले म्हणून

मुंबई

प्रिय नंदा,

पत्र मिळालं. तुतारी एक्स्प्रेसचं रिझर्वेशन रद्द करावं लागलं, आमवाताच्या डॉक्टरांनी परिषदेपायी तपासणीची तारीख पुढं ढकलली, म्हणून तू चांगलीच तापलीयस. ‘आमची बोटं वाकडी आणि हे निघाले सुटाबुटात मिरवायला!’ हसले बाई. औषध कंपन्यांचे स्टॉल आणि फुकटच्या पिशव्या मलाही खुपतात.

पण आपल्या थकव्याचंच घे. दुधाची पिशवी फाडता येत नाही, हे डॉक्टरांना दाखवता येतं. दादरचा पूल चढताना अंगातलं त्राणच जातं आणि लेडीज डब्यात कुणीतरी ‘दिसतेस तर धडधाकट’ म्हणतं, ते कुठल्या रिपोर्टात येणार? आमवाताच्या औषधांच्या चाचण्यांत वर्षानुवर्षं सुजलेले नि दुखरे सांधे मोजायचे, रक्ताच्या तपासणीत अंगातली सूज दाखवणारा ईएसआर बघायचा, झालं. चाचण्यांत काय मोजायचं याचा खल करणारी ‘ओमेरॅक्ट’ नावाची परिषद आहे. २००२ साली ऑस्ट्रेलियात ती भरली, तेव्हा पहिल्यांदा रुग्णांनाही चर्चेला बसवलं. डॉक्टरांच्या यादीत नसलेला थकवा त्यांनी पुढं आणला. २००७ मध्ये तिथूनच शिफारस निघाली, की आमवाताच्या चाचण्यांत शक्य तिथं थकवाही मोजावा. केबिनमधल्या दहा मिनिटांत हे झालं असतं का गं? आपण म्हणतो, डॉक्टर म्हणतात ‘वयामुळे होतं’, आणि पुढचा पेशंट आत येतो.

परिषदेत सांगितलेलं सगळंच सोनं नसतं, हेही खरं. १९४९ साली न्यूयॉर्कच्या संधिवात परिषदेत कॉर्टिसोन या स्टिरॉइडचा गाजावाजा झाला, खाटेला खिळलेली माणसं चालू लागली होती. पुढच्याच वर्षी नोबेल! दुष्परिणामांचं गाऱ्हाणं मागाहून आलं. म्हणूनच म्हणते, एकानं सांगावं आणि बाकीच्यांनी उलटतपासणी घ्यावी, ते अशाच ठिकाणी. तुझ्या शेजारणीच्या त्या जादूच्या पुडीची तपासणी कोण करतं? तिच्यात स्टिरॉइड मिसळलेलं नसेलच, असं मी तरी छातीठोक सांगणार नाही. घेऊ नकोस.

आता डॉक्टर भेटले की रागवायच्या आधी विचार, तिथं माझ्यासारख्यांसाठी नवं काय निघालं? थकव्याचंही सांग, ‘बरी आहे’ म्हणून उठू नकोस. आमवाताची ती मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदाच, हे घरच्यांनाही बजावून ठेव.

तारीख कळव. खालचाच बर्थ माग. दादरला मी उतरवून घेईन, पुलाला लिफ्ट कुठल्या बाजूला ते मला ठाऊक आहे.

तुझी,
शैला