डोळे उघडे ठेवून बसणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सादर नमस्कार.

‘मी वेगळा नाही, सगळं एकच आहे’ हे ध्यानाच्या बैठकांत शिकवणारे आम्हाला तुमच्या आधीही भेटले होते. प्रश्न विचारला की ‘हा तुमचा अहंकार बोलतोय’ म्हणायचे आणि विषय मिटवायचे. दर सात वर्षांनी अख्खं शरीर नवं होतं, असंही ठोकून द्यायचे. तुम्ही ते पहिल्याच बैठकीत खोडून काढलंत. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात, आतड्याचं अस्तर चार-पाच दिवसांत बदलतं. पण मेंदूच्या बाह्यपटलातल्या बहुतेक चेतापेशी आणि डोळ्याच्या भिंगाचा गाभा जन्मभर तोच राहतो. जे खरं तेवढंच सांगितलंत, म्हणून पुढचंही पटलं: अंगातले जिवाणू आपल्या पेशींइतकेच, तीस-चाळीस लाख कोटींच्या घरात; आणि रक्तातलं लोह ताऱ्यांच्या पोटात घडलेलं.

मग १० मिनिटांचा सराव. नाकपुडीशी लक्ष ठेवून आत येणारी हवा नेमकी कुठे ‘माझी’ होते, ते शोधायचं. आत जाताना प्राणवायू २१ टक्के, बाहेर येताना १६च्या आसपास. सीमा काही सापडत नाही. इथेच घात होतो: ‘मला कळलं’ म्हणणारा नवा ‘मी’ तयार होतो. तुम्ही म्हणायचात, आता त्या शोधणाऱ्याकडेच बघा. तिथेही कपाळामागचा ताण, एखादा विचार, एवढंच हाती लागतं.

पण आभार मानायचे ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. सगळे डोळे मिटून बसायचे तेव्हा तुमचे उघडे असायचे. ‘मी’ची पकड सैल झाली की काहींना भीती वाटते, हात आपले वाटत नाहीत, खोली खोटी वाटू लागते. कुणाचा श्वास उथळ झाला, बोटं वळली की ते तुम्हाला लगेच दिसायचं. ‘डोळे उघडा, तळपाय जमिनीला दाबा, समोरच्या पाच वस्तूंची नावं सांगा.’ मग त्या माणसाशेजारी खुर्ची ओढून बसायचात. आधीच्यांनी अशांना ‘अजून खोल जा’ म्हणून ढकललं होतं, याचा राग अजून जात नाही. माणूस घाबरलाय हे दिसायला कुठलं तत्त्वज्ञान लागतं?

अशा व्यक्तीला तुम्ही पुढे उघड्या डोळ्यांनी, पाचच मिनिटं बसवलंत. परकेपणा टिकून राहिला तर सराव बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा, हेही स्पष्ट सांगितलंत. ताई, मनापासून आभार.

तुमच्या बैठकीतले आम्ही सगळे