ताईच्या पोटातल्या पांढऱ्या पेशींबद्दल

ती. आई आणि बाबा,
सा. न. वि. वि.

ताईच्या अहवालात एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) हा शब्द आल्यापासून तुम्ही दोघं मला आलटूनपालटून एकच गोष्ट विचारताय: तिची प्रतिकारशक्ती कमी पडली का, आणि ती वाढवायला काय द्यायचं? फोनवर हे तुकड्यातुकड्यांत सांगून होत नाही, म्हणून नीट लिहिते. उत्तर आधीच देऊन ठेवते. प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या पावडरी आणि गोळ्या आणू नका. तिच्या पोटात संरक्षक पेशींची कमतरता नाही. उलट त्या गरजेपेक्षा जास्त जमल्या आहेत आणि भलत्याच कामाला लागल्या आहेत.

पाळीत गर्भाशयाचं अस्तर सुटून बाहेर जातं, तेव्हा थोडं रक्त आणि अस्तराचे कण बीजवाहिन्यांतून उलटे वर जाऊन पोटाच्या पोकळीतही पडतात. जॉन सॅम्पसन या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी 1927 मध्ये या आजाराचं मूळ त्या उलट्या प्रवाहात आहे असं मांडलं. पण 1984 मधल्या एका अभ्यासात, बीजवाहिन्या मोकळ्या असलेल्या सुमारे 90 टक्के स्त्रियांच्या पोटातल्या द्रवात पाळीच्या दिवसांत रक्त सापडलं. म्हणजे हे जवळपास सगळ्यांनाच होतं. आजार मात्र साधारण दहांतल्या एकीला होतो. मग बाकीच्या नऊजणींच्या पोटातले ते कण कोण साफ करतं? प्रतिकारशक्तीचा विषय इथून सुरू होतो. (सॅम्पसन यांच्या मांडणीनं सगळे रुग्ण समजत नाहीत, क्वचित हा आजार छातीतही आढळतो. पण ताईसारख्या ओटीपोटातल्या आजाराला ती बऱ्यापैकी लागू पडते.)

पोटाच्या पोकळीत थोडा द्रव कायम असतो. त्यातल्या संरक्षक पेशींत मोठा भरणा मॅक्रोफेजचा. मेलेल्या पेशी, जुनं रक्त, जंतू, जे नको ते गिळून पचवणं हे त्यांचं काम. काय गिळायचं ते ओळखायला त्यांच्या पृष्ठभागावर सीडी36 सारखे रेणू असतात. एंडोमेट्रिओसिसमध्ये या मॅक्रोफेजची संख्या वाढते, पण एकेकाची गिळण्याची ताकद घटते. त्यामागे प्रोस्टाग्लँडिन ई2 हे रसायन आहे. पाळीत कळा आणणाऱ्या प्रोस्टाग्लँडिनांच्याच कुळातलं. पोटातल्या द्रवात ते वाढलं की मॅक्रोफेजवरचं सीडी36 कमी होतं, आणि समोर आलेला कण तसाच राहून जातो.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण मॅक्रोफेजना दुसरंही काम येतं: जखम भरणं. गुडघा खरचटला की आधी घाण साफ होते, मग नव्या रक्तवाहिन्या येतात, शेवटी व्रण धरतो. ही सगळी कामं बऱ्याच अंशी त्यांच्याच देखरेखीखाली होतात. पोटाच्या आतल्या आवरणावर चिकटलेला अस्तराचा तुकडा त्यांना जखमेसारखा वाटतो. मग त्या व्हीईजीएफ नावाचा घटक सोडून त्याच्याकडे रक्तवाहिन्या ओढतात, टीजीएफ-बीटा सोडून तिथे तंतू तयार करवतात. तुकड्याला रक्त मिळतं, तो जगतो, आणि पुढच्या पाळीला स्वतःच रक्त सोडतो. त्या रक्तातलं लोह साठत जातं, लोहामुळे आसपासच्या पेशींची हानी होते, हानी झाली की पुन्हा दुरुस्ती सुरू. दर महिन्याला भरणारी आणि दर महिन्याला उघडणारी ही जखम आहे. वर्षानुवर्षं हे चाललं की तंतूंचा घट्ट व्रण होतो, आणि अंडाशय, आतडं, गर्भाशयाची मागची बाजू एकमेकांना चिकटतात. ताईला शौचाच्या वेळी दुखतं ते अशा चिकटण्यामुळे किंवा आतड्याजवळच्या गाठीमुळे असू शकतं, म्हणून तिनं ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. लाजून गाळण्यासारखं ते लक्षण नाही.

उंदरांवरच्या प्रयोगांत मॅक्रोफेज काढून टाकल्यावर गाठी नीट वाढल्या नाहीत, रक्तवाहिन्याही कमी आल्या. पण पुढे हेही दिसलं की सगळे मॅक्रोफेज एका जातीचे नसतात. गर्भाशयाच्या अस्तराबरोबर आलेले गाठीला पोसतात, तर रक्तातून पोकळीत येऊन स्थिरावणारे काही तिला आवर घालतात. म्हणून सरसकट मारून टाकणं हा उपाय होऊ शकत नाही, आणि सरसकट वाढवणं तर नाहीच नाही.

दुसऱ्या पेशी म्हणजे नैसर्गिक मारक पेशी, एन. के. पेशी म्हणतात त्या. विषाणू शिरलेली किंवा बिघडलेली पेशी दिसली की तिला मारणं हे त्यांचं काम. 1991 मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं की एंडोमेट्रिओसिस असलेल्या स्त्रियांच्या एन. के. पेशी अस्तराच्या पेशींना कमी प्रमाणात मारतात. पोटातल्या द्रवातले आयएल-6 आणि टीजीएफ-बीटा हे संदेश पोचवणारे घटक त्यांचा जोर उतरवतात, आणि "मारू नको" असा संदेश घेणारे रेणू त्यांच्यावर वाढलेले असतात. नियामक टी पेशी त्या द्रवात जास्त आढळतात, त्यांचाही कल शांत ठेवण्याकडेच. प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशींबद्दल एवढंच सांगते की काही रुग्णांत स्वतःच्या ऊतींविरुद्ध प्रतिपिंडं सापडतात, तरी या आजाराला आज स्वप्रतिकार आजार (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तसा) मानत नाहीत आणि त्याला स्टिरॉइड देत नाहीत. बाबा, तुम्ही शेजाऱ्यांच्या संधिवाताच्या औषधांचं विचारलं होतं ना, त्याचं उत्तर यातच आलं.

आता दुखण्याबद्दल, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त तेच छळतंय. गाठीत फक्त रक्तवाहिन्या वाढत नाहीत, बारीक मज्जातंतूही वाढतात. इस्ट्रोजेन या हार्मोनच्या प्रभावाखाली हे मज्जातंतू मॅक्रोफेजना बोलावणारी रसायनं सोडतात. आलेले मॅक्रोफेज आयजीएफ-1 सारखे घटक सोडून मज्जातंतूंना आणखी वाढवतात आणि जास्त संवेदनशील करतात. मास्ट पेशी, ॲलर्जीत हिस्टामिन सोडणाऱ्या त्याच, खोल गाठींत मज्जातंतूंच्या अगदी लगत आढळतात. मज्जातंतू असा महिनोन्महिने डिवचला गेला की पुढे पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदूही दुखण्याचे संदेश मोठे करून वाचायला लागतात. मग पाळी नसतानाही दुखतं. म्हणूनच आजाराच्या टप्प्यावरून दुखणं मोजता येत नाही. पहिल्या टप्प्यातली बाई कळवळते आणि चौथ्या टप्प्यातलीला कधी कधी काहीच जाणवत नाही. "सोनोग्राफीत तर थोडंसंच आहे, मग एवढं कसं दुखतं" हे वाक्य घरात कोणीही बोलू नये, एवढं माझ्यासाठी करा.

रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या म्हणून बाबांना शंका आली होती. हा सगळा गोंधळ पोटाच्या पोकळीत आणि गाठीभोवती चालतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशींची एकूण संख्या त्यात बहुधा नेहमीचीच राहते. सीए-125 ही रक्ताची तपासणी निदानासाठी वापरू नये असं युरोपच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे: आजार असूनही ती ठीक येऊ शकते आणि दुसऱ्या कारणांनीही वाढते. त्याच सूचनांप्रमाणे निदानासाठी प्रत्येकीला दुर्बिणीची शस्त्रक्रिया करावी लागत नाही. अनुभवी हातानं केलेली योनीमार्गाची सोनोग्राफी किंवा एमआरआय अंडाशयातली चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्तानं भरलेली पिशवी) आणि खोल गाठी दाखवू शकते. आवरणावरचे बारीक ठिपके मात्र त्यात निसटतात, त्यामुळे चित्र स्वच्छ आलं म्हणजे आजार नाही असं होत नाही.

मग औषध थेट या पेशींवर का देत नाहीत? प्रयत्न झाले आहेत. टीएनएफ या दाहक घटकाला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब बबून माकडांत आशादायक ठरलं, पण 2008 मध्ये खोल गाठी असलेल्या 21 स्त्रियांवरच्या चाचणीत दुखण्याला ते नुसत्या लटक्या औषधापेक्षा सरस ठरलं नाही. 2023 मध्ये आयएल-8 या दाहक घटकाला अडवणाऱ्या एका प्रतिपिंडानं माकडांतल्या गाठी आणि व्रण कमी केल्याचं प्रसिद्ध झालं. मला या दिशेबद्दल खरंच आशा वाटते, पण ताईच्या आजच्या उपचारात त्याला जागा नाही.

तिला लिहून दिलेली औषधं याच साखळीवर दुसऱ्या बाजूनं काम करतात. मॅक्रोफेजच्या दाहक रसायनांमुळे गाठीत प्रोस्टाग्लँडिन ई2 वाढतं. ते गाठीतल्या ॲरोमॅटेज या विकराला चालना देतं, ॲरोमॅटेज तिथल्या तिथे इस्ट्रोजेन बनवतं, आणि इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवतं. हे चक्र दोन जागी तोडता येतं.

एक, वेदनाशामक. आयबुप्रोफेनसारखी गोळी नवं प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाही, पण आधी बनलेलं पुसत नाही. दुखणं टिपेला पोचल्यावर घेतली तर ती लागू पडत नाही असं वाटतं, कारण उशीर झालेला असतो. पाळी किंवा दुखणं अपेक्षित असेल त्याच्या आदल्या दिवशी सुरू करायची, काही खाऊन, आणि पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी. 400 मिलीग्रॅमची गोळी 8 तासांच्या अंतराने, दिवसाला 1200 मिलीग्रॅमच्या वर डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाही. जोडीला त्याच गटातली दुसरी गोळी घ्यायची नाही. दमा, पोटातला व्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारायचं.

दोन, डायनोजेस्ट (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) 2 मिलीग्रॅम, रोज एक, शक्यतो एकाच वेळी, मध्ये खंड न पाडता. त्यानं अंडं बाहेर पडणं बहुधा थांबतं, इस्ट्रोजेन खालच्या पातळीवर राहतं, महिन्याचा रक्तस्राव बहुधा थांबतो आणि गाठीतला दाहही कमी होतो. गाठींतल्या पेशी शरीराच्या स्वतःच्या प्रोजेस्टेरॉनला नीट दाद देत नाहीत, म्हणून हे बाहेरून सतत द्यावं लागतं. इथेच बहुतेकींचा धीर सुटतो: पहिले काही महिने अधूनमधून डाग लागतात, आणि औषध उलटलं असं समजून गोळी बंद केली जाते. आई, असे डाग अपेक्षित आहेत हे तूही तिला सांगत जा. फरक पडायला साधारण तीन महिने द्यावे लागतात. मन फार उदास राहू लागलं किंवा रक्तस्राव फार वाढला तर मात्र वाट पाहत बसायचं नाही, डॉक्टरांना कळवायचं. आणि ही गोळी गर्भनिरोधक म्हणून मान्य नाही, हे तिला माहीत असू द्या.

"सिस्ट लगेच काढून का टाकत नाहीत" याचं उत्तर असं की सिस्टबरोबर अंडाशयाचा निरोगी भागही थोडा जातो आणि अंडी कमी होतात. शिवाय शस्त्रक्रियेनं गाठ गेली तरी पोटातलं हे वातावरण बदलत नाही. नंतर हार्मोनचं औषध घेतलं नाही तर बऱ्याच जणींत आजार काही वर्षांत परत येतो. शस्त्रक्रिया कधीच नको असं मी म्हणत नाही. आतड्याला किंवा मूत्रवाहिनीला अडथळा असेल, औषधांनी भागत नसेल, तर ती करावीच.

"लग्न झालं, मूल झालं की जाईल" हेही सोडून द्या. गरोदरपणात पाळी थांबते म्हणून काहींना तात्पुरता आराम पडतो, एवढंच. आणि आई, तू विचारलंस की तुझ्याकडून आलं का. जुळ्यांवरच्या अभ्यासांवरून या आजाराच्या शक्यतेत जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक दिसतो, पण तो अनेक जनुकांत विखुरलेला आहे. तू काही केलंस किंवा करायचं राहिलं म्हणून हे झालेलं नाही.

तिला एक वही द्या. रोज एक ओळ पुरे: तारीख, कुठे दुखलं, 0 ते 10 मध्ये किती, शौच आणि लघवीच्या वेळी काय वाटलं, कोणती गोळी किती वाजता घेतली. पुढच्या भेटीत डॉक्टरांना या वहीचा कोणत्याही पावडरीपेक्षा जास्त उपयोग होईल. एकाएकी एका बाजूला असह्य दुखून उलट्या झाल्या, किंवा दुखण्याबरोबर ताप आला, तर वहीत लिहीत बसू नका. सिस्ट फुटलेली, पिळली गेलेली किंवा तिच्यात जंतू गेलेले असू शकतात. त्याच तासाला रुग्णालयात न्या आणि मला वाटेत फोन करा.

तुमची,
धाकटी