सरावात टॅकल बंद करणाऱ्या जॉन गलार्डींचे आभार

प्रिय जॉन,

वयाने मोठ्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नाही. पण तुमच्या संघातल्या कोवळ्या पोरांनीही तुम्हाला 'कोच' म्हणायचं नाही, 'जॉन'च म्हणायचं, हा तुमचा नियम होता. तो मी मोडत नाही. 2018 मध्ये तुम्ही गेलात, तरी हे आभार तुमचेच आहेत आणि ते मला चारचौघांत मानायचे आहेत.

माझा मुलगा इथे मिनेसोटात शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात होता. हेल्मेट घालून एकमेकांवर धडकायचं, बॉल नेणाऱ्याला टॅकल करायचं म्हणजे धरून जमिनीवर पाडायचं, असा हा खेळ. त्यात डोक्याला बसलेला मार बाहेरून दिसत नाही, आणि तो वर्षानुवर्षं बसत राहिला तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून मुलाने फुटबॉलचं नाव काढलं तेव्हा मी ठाम नाही म्हणाले. त्याचे शाळेतले कोच तरुणपणी सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीत तुमच्या हाताखाली खेळलेले. त्यांनी वाद घातला नाही. "एकदा सराव बघून जा, मग काय ते ठरवा," एवढंच म्हणाले.

गेले. बॉल घेऊन एक पोरगा सुसाट आला. दुसरा त्याला आडवा गेला, नेमकं जिथे गाठायचं तिथे गाठलं, दोन्ही हात त्याच्या कमरेला लावले आणि थांबला. कुणी कुणाला पाडलं नाही. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. अडवणाऱ्याचं पहिलं पाऊल उलट्या बाजूला पडलं होतं, ते कोचनी त्याला जवळ जाऊन दाखवलं, दोघांना जागेवर पाठवलं आणि तीच चाल पुन्हा करायला लावली, मग आणखी एकदा. मध्येच सगळी टीम हिरवळीवर उताणी पडली आणि पोरं शेजारच्याला सांगू लागली, "काय छान दिवस आहे ना आज!" हा व्यायामसुद्धा तुमचाच, हे मला मागाहून कळलं. दीड तासाच्या आत सगळे घरच्या वाटेला. मी होकार देऊनच परतले.

मग तुमच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. 1943 साल, कोलोरॅडोतलं ट्रिनिडॅड गाव. शाळेचे कोच महायुद्धाच्या भरतीत गेले, संघ मोडायची वेळ आली, तेव्हा सोळा वर्षांचे तुम्ही, संघाचे कॅप्टन, स्वतःच कोच झालात. खेळताना जे जे जाचक वाटायचं ते ते बंद करून टाकलंत. सरावात पाणी प्यायलं की पोरं नरम पडतात, अशी तेव्हाची समजूत. तुम्ही त्यांना पोटभर पाणी पिऊ दिलंत. मला तुमच्या सगळ्या विक्रमांपेक्षा या पाण्याचं अप्रूप जास्त आहे. त्या वयात हातात सत्ता आली की सहसा उलटंच घडतं.

मोंटॅनात कॅरोल कॉलेजला चार हंगाम झाले आणि 1953 मध्ये तुम्ही कॉलेजव्हिलला, सेंट जॉन्समध्ये आलात. तुमच्या आधीचे कोच म्हणून गेले होते की इथे कुणी जिंकूच शकणार नाही. तिथे तुम्ही साठ हंगाम काढलेत. खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, संघातून कुणाला वगळणं नाही, सरावात टॅकल नाही. तरी कारकिर्दीत 489 विजय आणि चार राष्ट्रीय विजेतेपदं. कॉलेज फुटबॉलमध्ये कुठल्याच कोचने एवढे सामने जिंकलेले नाहीत. 2003 च्या नोव्हेंबरात बेथेलला 29-26 असं हरवून तुम्ही तोवर सर्वाधिक जिंकलेले कोच एडी रॉबिन्सन यांचे 408 विजय मागे टाकलेत, आणि डिसेंबरात, वयाच्या 77 व्या वर्षी, सलग 55 सामने जिंकलेल्या माउंट युनियनला 24-6 असं नमवलंत.

हे आकडे मी उगाच सांगत नाही. तुम्ही हरत राहिला असतात, तर 'भला माणूस, पोरांना जपतो' एवढं म्हणून लोकांनी विषय सोडून दिला असता. तुम्ही जिंकत राहिलात, म्हणून रोज मार खाल्ल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही म्हणणाऱ्यांकडे बोलायला काही उरलं नाही. डार्टमथ कॉलेजच्या कोचनी 2010 मध्ये सरावातलं टॅकल बंद केलं, 2016 मध्ये डार्टमथ ज्यात खेळतं त्या आयव्ही लीग या आठ विद्यापीठांच्या गटातल्या सगळ्या कोचनी हंगामातल्या सरावापुरता तोच निर्णय घेतला. तुमच्या मैदानावर हे त्याआधी कित्येक दशकं चालू होतं, आणि तिथे शिकलेली माणसं गावोगावच्या शाळांत कोच झाली. त्यातलेच एक माझ्या मुलाच्या वाट्याला आले.

त्यांचे आभार मी समक्ष मानले आहेत. शाळेची सगळी वर्षं खेळूनही मुलाच्या डोक्याला काही झालं नाही. सामन्यात धडका बसल्याच, आणि त्यात थोडं नशीबही होतं. पण सोमवार ते गुरुवार जे मार त्याला बसले असते ते बसलेच नाहीत, ते तुमच्यामुळे. जॉन, मनापासून आभार.

तुमची ऋणी,
एका खेळाडूची आई
मिनेसोटा