लोहारकीच्या घराण्याचा इतिहास : कागद व आठवणी पाठवण्याबाबत

भावकीतल्या सर्व थोरामोठ्यांना नमस्कार.

आपल्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. खंडेनवमीला ऐरणीची पूजा असते, त्याच्या आत प्रत्येक घराने आपापली माहिती पाठवावी ही विनंती.

जुने कागद फेकू नका. मोडीतला वाचता येत नसला, तरी सरळ उजेडात ठेवून फोटो काढा. घडीवर लिहिलेलंही दिसू द्या. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना नं. १४ म्हणजे जन्ममृत्यूची नोंदवही मिळते, तिथे पणजोबांचं नाव सापडू शकतं. मुंबई राज्याने १९५३ साली गावोपयोगी सेवा-इनामं, म्हणजे गावाच्या कामाबद्दल दिलेल्या जमिनी वगैरे, कायद्याने रद्द केली. कुणाच्या वाट्याला लोहारकीच्या इनामाची जमीन होती का, हे जुन्या फेरफारात बघावं.

पण कागदात मिळणार नाही ते आपल्या म्हाताऱ्यांपाशी आहे. आत्याबाई सांगतात, गाडीच्या चाकाला धाव, म्हणजे लोखंडी पट्टी, चढवताना लोखंड लालभडक तापलं की चार माणसं सांडशीने उचलायची, चाकावर बसवून घण घालायची आणि लगेच पाणी ओतायची. वाफेत कुणाचं तोंड दिसायचं नाही. भाता ओढायला आजी बसायची. वंशावळीत पुरुषांचीच नावं येतात. आपण आज्या, आत्या, लेकी, माहेरच्या गावासकट सगळ्या लिहू.

बलुतं कोणत्या घरून किती पायली यायचं, हेही विचारा. बोलणं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. नव्वदीतल्या काकांकडे या रविवारीच जा.